रेशीम, व्हिस्कोस की पॉलिस्टर? गालिचा आणि कापडातला धागा ओळखायची, निवडायची आणि जपायची पद्धत

गालिच्याच्या किंवा कापडाच्या पट्टीवर ‘आर्ट सिल्क’ (आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, कृत्रिम), ‘बांबू सिल्क’, ‘सिल्क टच’, ‘सिल्की फिनिश’ असं काहीही लिहिलेलं असू शकतं, आणि या चारही नावांखाली रेशमाचा एकही तंतू नसू शकतो. दुकानाच्या दिव्यांत सगळे धागे सारखेच झळाळतात. फरक कळतो तो पहिल्यांदा पाणी सांडल्यावर, पहिल्या धुण्यात, किंवा वर्षभर पाय पडल्यावर. म्हणून ‘खरं की खोटं’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. आधी विचारायचं ते असं: हा धागा प्रथिनाचा आहे, वनस्पतीच्या लगद्यापासून केलेला आहे, की प्लॅस्टिकचा? एवढं कळलं की तो कसा जळेल, भिजल्यावर त्याचं काय होईल, कशाने धुवावा आणि कुठे टिकेल, यातलं बहुतेक सगळं आपोआप कळतं.

झळाळी देणाऱ्या धाग्यांची तीन कुळं

रेशीम हे प्रथिन. रेशीमकिडा कोश विणताना फायब्रॉइनचे दोन तंतू सोडतो आणि सेरिसिन नावाचं चिकट प्रथिन त्यांना एकत्र बांधतं. तुतीच्या पानांवर वाढलेल्या किड्याच्या एका कोशातून साधारण ६०० ते १५०० मीटर लांबीचा अखंड तंतू निघतो. तो एकटा वापरण्याइतका जाड नसतो, म्हणून अनेक कोशांचे तंतू एकत्र उकलून धागा करतात. मग साबणाच्या गरम पाण्यात सेरिसिन काढून टाकलं की वजन सुमारे पाव भागाने घटतं आणि आपल्याला माहीत असलेला मऊपणा, झळाळी पुढे येते. या तंतूचा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून परततो, त्यामुळे रेशमाची चकाकी एकसारखी पांढरी दिसत नाही, तिच्यात खोली असते.

सगळं रेशीम एका जातीचं नसतं. टसर आणि मुगा हे रानटी किड्यांचे, जरा खरखरीत आणि नैसर्गिक रंगछटेचे धागे. एरीचा कोश एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे त्यातून अखंड तंतू निघत नाही आणि तो कापसासारखा कातावा लागतो. तुतीच्या रेशमाचेही तुटके, उरलेले तंतू कातून ‘स्पन सिल्क’ तयार होतं. तेही शंभर टक्के रेशीमच, पण आखूड तंतूंमुळे झळाळी कमी आणि लव (पृष्ठभागावरचे उभे तंतू) लवकर पिंजारते. गालिचा रेशमाचा आहे हे सिद्ध झाल्यावरही अखंड तंतूचा की कातलेल्या रेशमाचा, हे विचारायला हवं. किमतीत आणि आयुष्यात त्याने बराच फरक पडतो.

दुसरं कुळ सेल्युलोजचं, म्हणजे वनस्पतीच्या तंतुमय द्रव्याचं. फ्रान्समध्ये इलेर द शार्दोने यांनी १८८४ मध्ये कृत्रिम रेशमाचं पेटंट घेतलं. त्यांचा धागा नायट्रोसेल्युलोजचा होता आणि तो भयंकर ज्वालाग्राही होता. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोसची पद्धत शोधली, आणि ‘आर्ट सिल्क’ म्हणून आजवर जे विकलं गेलं त्याचा मोठा भाग याच पद्धतीचा आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडच्या मदतीने विरघळवायचा, बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा, की पुन्हा सेल्युलोजचा घट्ट तंतू तयार होतो. रेयॉन हे नाव १९२४ मध्ये रूढ झालं. बांबू सिल्क म्हणजे बहुतेक वेळा हेच व्हिस्कोस, फक्त लगदा बांबूचा. विरघळवून पुन्हा घडवल्यावर तंतूत बांबूचं असं वेगळं काही उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रेयॉनला नुसतं ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर वारंवार कारवाई केली आहे. ‘बनाना सिल्क’ या नावाखालीही गालिच्यात पुष्कळदा व्हिस्कोसच निघतं. मोडाल आणि लायोसेल ही याच कुळातली सुधारलेली भावंडं.

याच कुळात मर्सराइज्ड सूतही येतं आणि त्याला मी इतर नकलांपेक्षा वरचं स्थान देते. ताणून धरलेलं सुती सूत कॉस्टिक सोड्यातून काढलं की तंतू फुगून गोलसर होतो आणि कायमचा चमकतो. जॉन मर्सर यांनी सोड्याचा हा परिणाम १८४४ मध्ये पाहिला, आणि ताण देऊन चमक आणायची युक्ती १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी पुढे आणली. तुर्कस्तानातल्या कायसेरीचे ‘फ्लॉश’ नावाने ओळखले जाणारे गालिचे बहुधा अशा सुताचे असतात. ते रेशीम नसतात, पण त्यांचा धागा दणकट असतो.

तिसरं कुळ प्लॅस्टिकचं: पॉलिस्टर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन. रेशमाची झळाळी यावी म्हणून पॉलिस्टरचा तंतू मुद्दाम तीन पाकळ्यांच्या छेदाचा काढतात. शिवाय कापड कॉस्टिकमध्ये घालून तंतू थोडा झिजवतात, म्हणजे ते रेशमासारखं अंगावरून ओघळतं. जपानमध्ये १९८० च्या दशकात हे तंत्र इतकं पुढे गेलं, की चांगल्या पॉलिस्टरला नुसत्या बोटांनी ओळखणं अवघड झालं.

ॲसिटेट मधल्या कुळाच्या काठावर बसतं. ते सेल्युलोजपासून होतं, पण वितळतं. चमकदार अस्तरांत ते अजून सापडतं.

पाण्यात काय होतं, इथे खरा निवाडा आहे

रेशीम भिजल्यावर साधारण १५ ते २० टक्के ताकद गमावतं आणि वाळल्यावर ती परत येते. व्हिस्कोस भिजल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. तंतू पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो, आणि त्या अवस्थेत घासला की त्याची लव कायमची मोडते. लायोसेलची घट बरीच कमी. सुती धागा, मर्सराइज्ड असला तरी, भिजल्यावर उलट बळकट होतो. पॉलिस्टरला पाण्याने काही होत नाही.

दमटपणा धरून ठेवण्याची क्षमताही पाहा. सर्वसाधारण हवेत रेशीम वजनाच्या सुमारे ११ टक्के, व्हिस्कोस सुमारे १३ टक्के आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के पाणी धरून ठेवतं. अंगावर रेशीम उन्हाळ्यातही सोसतं आणि पॉलिस्टर चिकटतं, कोरड्या हवेत स्थिर विजेने चटका देतं, ते यामुळेच. हाच गुण जमिनीवर पॉलिस्टरच्या बाजूने जातो: सांडलेला रंगीत द्रव त्याच्या तंतूत शिरत नाही. तेल मात्र त्याला घट्ट धरतं.

‘कृत्रिम रेशीम नाजूक असतं’ हे सरसकट वाक्य म्हणून चुकीचं ठरतं. व्हिस्कोस पाण्यात नाजूक, पॉलिस्टर इस्त्रीखाली नाजूक, आणि रेशीम ऊन, क्लोरीन आणि सोड्यापुढे नाजूक.

तपासणी: वरून आत जायचं

पहिली पायरी, पट्टी वाचा. ‘सिल्क’ शब्दाच्या आधी किंवा नंतर काही जोडलेलं असेल तर तो शब्द बाजूला ठेवा आणि तंतूची टक्केवारी शोधा. युरोपीय संघाच्या १००७/२०११ या नियमानुसार ‘सिल्क’ हा शब्द फक्त रेशीम स्रवणाऱ्या किड्यांच्या तंतूला वापरता येतो, नुसत्या अखंड चमकदार धाग्याला नाही. भारतात शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क ही खूण आहे. गालिच्याच्या बाबतीत लव, ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) यांची वेगवेगळी माहिती मागा. ‘सिल्क गालिचा’ या दोन शब्दांत सुती ताण्यावरची व्हिस्कोसची लवसुद्धा खपवली जाते.

दुसरी पायरी, डोळे आणि हात. इथे मिळणारा पुरावा कच्चा असतो, आणि नेमका यावरच लोक सगळ्यात जास्त विसंबतात. गालिचा एका बाजूने फिकट आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसतो म्हणून रेशमाचा, असं सांगितलं जातं. लव एका दिशेला झुकलेली असली की कुठलाही गालिचा असा दिसतो, लोकरीचासुद्धा. हातात चोळल्यावर येणारी सळसळही खात्रीची नाही. ती सौम्य आम्लाच्या प्रक्रियेने येते आणि व्हिस्कोसलाही देता येते. कापड अंगठीतून ओढून दाखवणं म्हणजे ते पातळ आणि गुळगुळीत आहे एवढंच दाखवणं. मी चकाकीचा रंग पाहते: रेशमावर चमकणारी जागा कापडाच्याच रंगाची, किंचित उजळ दिसते. स्वस्त पॉलिस्टर किंवा जुन्या धाटणीच्या रेयॉनवर ती पांढुरकी, आरशासारखी दिसते. ही खूण उपयोगी आहे, पण चांगल्या नकलेपुढे फसते.

तिसरी पायरी फक्त गालिच्यासाठी: उलटा करून पाठ पाहा. रेशमाचा धागा बारीक आणि तरीही मजबूत असल्यामुळे फार दाट गाठी मारता येतात. तुर्कस्तानातल्या हेरेकेच्या रेशमी गालिच्यांत दर चौरस सेंटीमीटरला १०० गाठी, म्हणजे चौरस मीटरला दहा लाख, ही जुनी ओळखीची घनता आहे. अशा गालिच्याच्या पाठीवर पानाफुलांची वळणं समोरच्याइतकीच रेखीव दिसतात आणि लव अगदी आखूड कापलेली असते. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल, त्याखाली लॅटेक्सचा थर असेल, तर तो गाठींचा गालिचा नाही, टफ्टेड आहे, म्हणजे धागे गाठी न मारता कापडात टोचून बसवलेला. त्यात खरं रेशीम क्वचितच वापरतात. जाड धागा, विरळ गाठी आणि उंच, लोळणारी लव दिसली की व्हिस्कोसची शक्यता वाढते. मात्र हाताने गाठी मारलेले व्हिस्कोसचे गालिचेही भरपूर असतात. पाठ हाताचं काम सांगते. धागा कोणता, ते त्यावरून ठरत नाही.

दशांकडेही पाहा. दशा ही गालिच्यातूनच बाहेर आलेली ताण्याची टोकं असतात. त्या वरून शिवलेल्या असतील तर त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. दशा सुती असतील तर गालिचा पूर्ण रेशमी नाही, लव रेशमी असू शकते. उलट दशा रेशमी असूनही लव दुसऱ्या धाग्याची असू शकते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा, ज्यावर हिजरी ९४६ म्हणजे इसवी सन १५३९-४० हे वर्ष विणलेलं आहे, त्याचा ताणा-बाणा रेशमाचा आणि लव लोकरीची आहे. बारीक, न तुटणाऱ्या पायासाठी रेशीम आणि रंग धरणाऱ्या, पाय सोसणाऱ्या पृष्ठभागासाठी लोकर, असा विचार त्यामागे दिसतो. विक्रेता दशेचा धागा जाळून दाखवत असेल तर नम्रपणे लवेचे चार तंतू मागा.

चौथी पायरी, ओला धागा तोडून पाहणं. मला ही सगळ्यात प्रामाणिक परीक्षा वाटते आणि ती फार कमी जण करतात. कापडाच्या आतल्या शिवणीतून किंवा नमुन्याच्या तुकड्यातून धागा काढा. आधी कोरडा ताणून तोडा आणि किती जोर लागला ते लक्षात ठेवा. मग दुसरा धागा मधोमध चांगला भिजवून तोडा. व्हिस्कोस ओल्या जागी सहज तुटतं, जवळजवळ निसटल्यासारखं. रेशमाला ओल्यावरही जोर लागतो. सूत ओलं झाल्यावर जास्त चिवट लागतं, पॉलिस्टरमध्ये काही बदल होत नाही. वापरातल्या गालिच्यावर मात्र पाण्याचा थेंब टाकून तपासू नका. व्हिस्कोस निघालं तर तिथे कडक, काळपट-पिवळा डाग कायमचा राहू शकतो.

पाचवी पायरी, जाळून पाहणं. खिडकी उघडी ठेवा, पडदे आणि कागद दूर करा, पाण्याची ताटली शेजारी ठेवा आणि धागा धातूच्या चिमट्यात धरा. हातात धरून कधीही जाळू नका, वितळलेलं प्लॅस्टिक कातडीला चिकटतं. ताणा, बाणा आणि लव वेगवेगळे तपासा. वेगळ्या रंगाचा धागा वेगळ्या जातीचा असू शकतो, विशेषतः लोकरीच्या गालिच्यात चमकदार रेघांसाठी वापरलेला.

रेशीम ज्योतीपासून आकसून मागे सरतं, हळू जळतं आणि ज्योत काढली की बहुधा विझतं. वास जळक्या केसांचा येतो, मागे काळी ठिसूळ गोळी राहते आणि ती बोटांत चुरते. व्हिस्कोस आणि सूत दोन्ही झटकन पेट घेतात, ज्योत काढल्यावरही जळत राहतात, कागद जळाल्याचा वास येतो आणि राखाडी, हलकी राख उरते. या दोघांत फरक करायचा तर चौथ्या पायरीकडे परत जा. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर न चुरणारा कडक मणी राहतो. नायलॉनचाही मणी कडकच, पण फिकट रंगाचा. ॲसिटेट वितळत जळतं आणि आंबट, व्हिनेगरसारखा वास देतं. ते नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे त्याची खात्री करणं सोपं आहे.

या परीक्षेतल्या तीन फटी लक्षात ठेवा. पहिली, लोकरही केसांसारखाच वास देते. रासायनिक धुलाई केलेली लोकर चांगलीच चमकते, आणि ‘वास आला म्हणजे रेशीम’ असं समजणारा तिथे फसतो. भिंगातून पाहिलं तर लोकरीचे तंतू कुरळे आणि जाडसर दिसतात, रेशमाचे सरळ आणि अतिशय तलम. दुसरी, मिश्र धाग्यात केसांचा वासही येतो आणि मणीही राहतो. तिसरी, जुन्या काळी रेशमाचं वजन वाढवायला त्यात कथिलासारख्या धातूंचे क्षार भरत. असं रेशीम जळाल्यावर धाग्याच्या आकाराचा सांगाडा उरतो. ते रेशीमच असतं, पण असं कापड घडीवर आपोआप फाटतं, म्हणून जुनं कापड विकत घेताना ही खूण महत्त्वाची.

सहावी पायरी, शंका उरलीच तर ब्लीच. काचेच्या वाटीत घरगुती क्लोरीन ब्लीच घ्या, हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड त्याच्या जवळही आणू नका, विषारी वायू तयार होतो. धाग्याचा तुकडा त्यात बुडवा. प्रथिनाचा धागा, म्हणजे रेशीम किंवा लोकर, बुडबुडे सोडत विरघळायला लागतो. व्हिस्कोस, सूत आणि पॉलिस्टर फार तर रंग सोडतात, धागा तसाच राहतो. रेशीम आणि व्हिस्कोस एकत्र पिळलेले असतील तर मागे राहिलेल्या भागावरून मिश्रणाचा अंदाजही येतो.

एखादा गालिचा खरोखर मौल्यवान असेल तर हे सगळं घरी करत बसू नका. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली चार तंतू पुरतात आणि लेखी अहवाल मिळतो.

गालिच्यासाठी कोणता धागा कुठे

इथे माझं मत ठाम आहे. रोज पाय पडतात तिथे व्हिस्कोसचा गालिचा घालू नये, तो कितीही सुंदर दिसला तरी. व्हिस्कोसची लव दबली की पुन्हा उभी राहत नाही. पायवाटेसारखा पट्टा पडतो, तंतू तुटून सतत निघत राहतात, आणि पहिला पेला सांडला की खरा त्रास सुरू होतो. ओला सेल्युलोज सुकताना पृष्ठभागाकडे पिवळसर तपकिरी रंग ओढून आणतो आणि लव चिकटून कडक होते. तिथला डाग काढायला घासलं की जागा आणखी बिघडते. जेवणाच्या टेबलाखाली, दारापाशी किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात तो नकोच. पलंगाच्या कडेला, जिथे अनवाणी पाय दिवसातून दोनदा टेकतात, तिथे तो शोभतो आणि बरा टिकतो.

खरं रेशीम पायाखाली व्हिस्कोसपेक्षा पुष्कळ टिकतं. तंतू लांब आहे, ताणला तर तुटण्याआधी बराच लांबतो आणि लव दाट असते. तरीही कमी वर्दळीची जागा किंवा भिंत हीच त्याची जागा, कारण फर्निचरचे पाय आणि बुटांखालची वाळू कुठल्याही तलम लवेला कापतात. थेट ऊन पडत असेल तर रेशीम तिथे ठेवू नका. अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं.

रेशमाची झळाळी हवी आणि वर्दळही आहे, अशा वेळी लोकरीची लव आणि नक्षीपुरतं रेशीम हा मेळ मला सगळ्यात समंजस वाटतो. इराणच्या नाइनच्या गालिच्यांत तो नेहमी दिसतो. फक्त त्या रेषा रेशमाच्या आहेत की व्हिस्कोसच्या, हे जाळून पाहा. व्हिस्कोसच्या असतील तर लोकर ठीक राहते आणि नक्षीच आधी खचते. मुलं खेळतात, वारंवार पुसावं लागतं तिथे पॉलिस्टर किंवा नायलॉन घ्या. दाबातून परत उभं राहण्यात नायलॉन पॉलिस्टरच्या पुढे असतं.

कापडासाठी

अंगाला लागणाऱ्या कपड्यात रेशीम आणि चांगलं लायोसेल दोन्ही सुखाचे. वारंवार धुवायचं असेल तर लायोसेल किंवा मर्सराइज्ड सूत घ्या. रेशमी कापडाचं वजन मोम्मे या एककात सांगतात, एक मोम्मे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३ ग्रॅम. नेहमीच्या कपड्यासाठी १६ ते १९, उशीच्या अभ्र्यासारख्या घासल्या जाणाऱ्या वस्तूसाठी २२ च्या आसपास पाहा. मोम्मे सांगायला विक्रेता टाळत असेल तर कापड पातळ आहे असं धरून चाला.

उन्हाच्या खिडकीवर रेशमी पडदा लावायचाच असेल तर त्याला सुती अस्तर हवं. नाहीतर तिथे पॉलिस्टरच योग्य, ते ऊन नायलॉनपेक्षाही चांगलं सोसतं. सोफ्यासाठी व्हिस्कोसची मखमल घेण्याआधी तिच्यावर अंगठा दाबून थोडा वेळ थांबा. ठसा राहिला तर बसण्याच्या जागेचं काय होईल ते समोर दिसलंच.

धागा निवडताना त्याच्या मागची किंमतही मनात असावी. रेशमासाठी कोशातले किडे वाफेने किंवा उकळत्या पाण्यात मारले जातात. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचं अहिंसा रेशीम मिळतं, ते कातावं लागतं, म्हणून पोत वेगळा. व्हिस्कोसच्या कारखान्यांतल्या कार्बन डायसल्फाइडने कामगारांच्या मज्जासंस्थेला इजा झाल्याची शतकाहून जुनी नोंद आहे. लायोसेलमध्ये विद्रावक जवळजवळ पूर्ण परत मिळवून वापरतात, म्हणून ‘बांबू’ या शब्दापेक्षा ‘लायोसेल’ हा शब्द जास्त आश्वासक. पॉलिस्टर प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतं.

घरी आणल्यावर

काहीही सांडलं की पांढरं कोरडं कापड वरून दाबा, बाहेरून आत या, घासू नका. धागा माहीत नसेल तर तो व्हिस्कोसच आहे असं समजून वागा, म्हणजे पाणी ओतायचं नाही, वाफेचं यंत्र लावायचं नाही. गालिचा उचलून खालीही टिपा, पंखा लावा, आणि पूर्ण वाळण्याआधी, थोडी ओल असतानाच, मऊ ब्रशने अगदी हलक्या हाताने लव तिच्या मूळ दिशेला फिरवा. तशीच वाळली तर ती चिकटून बसते.

रेशीम धुताना कपडे धुण्याची नेहमीची पावडर टाळा, ती अल्कलीयुक्त असते. सौम्य, जवळजवळ उदासीन साबण, थंड ते कोमट पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. किंचित ओलं असताना उलट बाजूने मंद इस्त्री करा. घाम आणि अत्तर सुकून बसले तर काखेतलं रेशीम कुजतं, म्हणून घातलेलं कापड फार दिवस न धुता ठेवू नका. व्हिस्कोस धुवायचं तर कमी वेळात, कमी हाताळून, आणि ओलं असताना तारेवर वजनाने लोंबकळू न देता पसरून. पॉलिस्टरला फक्त गरम इस्त्रीची भीती, बाकी ते सगळं सोसतं.

व्हॅक्यूम वापरताना फिरता ब्रश बंद ठेवा, लवेच्या दिशेने फिरवा, दशांवरून नेऊ नका. गालिच्याखाली पातळ गादी घाला आणि अधूनमधून त्याची दिशा फिरवा, म्हणजे पायांचा आणि उजेडाचा मार सगळीकडे सारखा वाटला जातो.

साठवणीत रेशमाला आणि लोकरीला गालिचे खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा धोका असतो. व्हिस्कोसला त्या बहुधा सोडतात, पण पुस्तकांना लागणारी कसर सेल्युलोज आवडीने खाते. दोन्ही धागे आधी स्वच्छ करा, कारण कीड डागांकडे आधी जाते. गालिचा लवेच्या दिशेने गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये न बांधता धुतलेल्या सुती कापडात बांधा आणि जमिनीपासून वर ठेवा. रेशमी कापडाच्या घड्या काही महिन्यांनी उलगडून दुसऱ्या जागी मोडा.